लाल गाडीची परीक्षा

केशरबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, गुरुवार सकाळ, आणि तेव्हापासून देवमन एकेक दिवस मोजायला लागला. आईचा मोतीबिंदू काढायचा म्हटल्यावर कुणालाही धाकधूक होणारच, त्यात नवल ते काय. पण देवमन काही पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढणारा माणूस नव्हता. अकोल्याला डॉक्टर चिंतामणराव पाटणकरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो सहा वर्षं कंपाउंडर होता. शेकड्यांनी मोतीबिंदू त्यानं टेबलाशेजारी उभं राहून, हातात दिवा धरून निघताना पाहिले होते. त्याला ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती डॉक्टरांच्या हाताची. तो हात आता पूर्वीचा राहिला नाही, हे साऱ्या अकोल्यात एकट्या देवमनला ठाऊक होतं. खुद्द डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक नव्हतं याला कारणही देवमनच होता.

त्यात केशरबाईला डोळा एकच. डावा गेला त्याला पंधरा वर्षं झाली. अकोटकडे एका पाटलाच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना वाळली काडी सपकन डोळ्यात गेली आणि तो विझला. आता उजव्यात पिकलेला मोतीबिंदू. चुलीतला जाळ तेवढा तिला कळायचा, बाकी सगळं चाचपून. हा एक गेला तर पुढं काही उरत नव्हतं.

या सगळ्याची सुरुवात झाली ती एका खेळण्यापासून. चैत्रात डॉक्टरांच्या विलायतेतल्या एका जुन्या मित्रानं कुणाबरोबर तरी एक खोका पाठवला. झाकणावर लाल रंगाच्या स्पोर्ट्स कारचं चित्र, दोन माणसं बसतील एवढी, बिनछपराची, नाक लांब आणि बूड आखूड. शिकत असताना डॉक्टर या मित्राच्या अशाच गाडीत बसून हिंडले होते म्हणे. आत मात्र गाडी नव्हती, गाडीचे तुकडे होते. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटींना चिकटलेले साठ-सत्तर तुकडे, काही तर गव्हाच्या दाण्याएवढे. एक डिंकाची ट्यूब, नाकाजवळ नेली की डोकं धरणारी. अंगठ्याएवढे रंगाचे डबे. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे नंबर. आणि कोणता तुकडा कुठं, कशानंतर, हे सांगणारा घडीचा कागद. पुरी झालेली गाडी तळहातावर मावणार होती.

अनुपमाबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं, खोका उघडताना पाहिला आणि पंचावन्नाव्या वर्षी आता भोवरे-गोट्याही आणून देऊ का म्हणून विचारलं. डॉक्टर नुसते हसले. मोतीबिंदू थंडीतच काढायचा हा आपल्याकडचा रिवाज. उन्हाळ्या-पावसाळ्यात कुणी डोळ्याला सुरी लावून घेत नाही. तेव्हा दिवाळीपर्यंत दुपार मोकळीच. दवाखाना बारा वाजता बंद झाला की डॉक्टर तपासणीच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरायचे, डोळ्याला भिंग लावायचे, आणि ऑपरेशनचा जुना चिमटा नि बोथटलेलं पातं घेऊन गाडीला बसायचे. देवमन समोर स्टुलावर. कागदावरचा आकडा वाचायचा, तो तुकडा चौकटीतून शोधून द्यायचा. तासाभरानं डॉक्टर जेवायला आणि वामकुक्षीला वर जायचे.

पहिल्या आठवड्यातच देवमननं ते पाहिलं. गाडीचं स्टिअरिंग लावायचं होतं. चिमट्यात धरलेलं ते चाक दांडीच्या टोकाशी आलं आणि थरथरलं. डॉक्टर थांबले, श्वास रोखला, पुन्हा नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ते बसलं, पण वाकडं, आणि डिंकाचा ओघळ सीटवर आला. डॉक्टरांनी भिंग काढून ठेवलं आणि आज चहा जास्त झाला एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिले. देवमनला ते बघवेना.

या माणसानं सत्तावन्न साली, आदल्या वर्षीच बौद्ध झालेल्या घरातल्या मॅट्रिक पोराला दवाखान्यात घेतलं होतं. त्या वेळी दोन पेशंट उठून गेले, त्याच्या हातून डोळ्यात औषध घालून घेणार नाही म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना अडवलं नाही आणि देवमनलाही हलवलं नाही. असा माणूस एका प्लॅस्टिकच्या चाकापुढं हिरमुसून बसलेला बघून देवमनच्या जिवाची कालवाकालव झाली. डॉक्टर वर गेल्यावर त्यानं पात्यानं ते स्टिअरिंग अलगद सोडवलं, ओघळ खरवडला, आणि सरळ बसवून दिलं. त्याची बोटं मुळातच बारीक कामाची. लहानपणी ज्वारीच्या धांड्यांचे बैल आणि दमण्या, म्हणजे छोट्या बैलगाड्या, करून गल्लीतल्या पोरांना वाटायचा. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. वाळल्यावर डिंक आपोआप आवळतो, काल उगाच घाबरलो, असं म्हणाले.

झालं. मग ती रीतच पडली. बारा ते एक डॉक्टर गाडी करायचे आणि दोन ते चार देवमन ती नीट करायचा. स्टिअरिंगपुढच्या फळीवरची काट्यांची घड्याळं, मोहरीएवढी, डॉक्टरांनी रंगवली तेव्हा पांढरा रंग चारी बाजूंना फाकला. देवमननं काडीला डोळ्याचा कापूस गुंडाळून टर्पेंटाइननं तो पुसला आणि ब्रशाचे दोनच केस ठेवून पुन्हा काटे काढले. तारांच्या चाकांना चंदेरी रंग देताना टायर माखली, ती त्यानं साफ केली. दारावरचा सात आकडा सरकवताना तिरपा झाला आणि कोपऱ्यात फाटला. देवमननं पाण्याच्या थेंबावर तो पुन्हा तरंगवला, सरळ केला, फाटका कोपरा जुळवला. सगळ्यात कठीण गेली पुढची काच. डिंकाचं बोट लागून तिच्यावर पांढुरका ढग आला होता. तो पुसून जाणारा नव्हता. देवमननं दात घासायची पांढरी पूड ओल्या फडक्यावर घेऊन चार दुपारी ती काच घासली, तेव्हा कुठं ती आरपार दिसायला लागली. आणि दर दिवशी डॉक्टर भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, पाहिलंस देवमन, हात बसत चाललाय. देवमन मान डोलवायचा.

हे कौतुकाचं होतं की वेडेपणाचं, असं कुणी विचाराल तर वेडेपणाचंच. पण मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नाही आणि एकांतात तर मुळीच नाही, हे ज्याच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं असतं त्याला हा वेडेपणा दिसत नाही.

खंडेनवमीला दवाखान्यातली हत्यारं पूजेला मांडायची डॉक्टरांच्या घरची पद्धत होती. हळदकुंकवाला देवमन हात लावत नसे, ते अनुपमाबाई बघायच्या. हत्यारं उकळून, पुसून पाटावर ओळीनं लावायचं काम मात्र त्याचं. त्या दिवशी डॉक्टर स्वतः ती लाल गाडी घेऊन खाली आले आणि सुऱ्यांच्या ओळीत शेवटी ठेवली. झेंडूच्या फुलापेक्षा फार मोठी नव्हती, पण काय दिसत होती. अनुपमाबाई आत गेल्यावर डॉक्टर हलक्या आवाजात बोलले. गेल्या माघातच हात थरथरायला लागला होता. कुणाला बोललो नाही. मनाशी ठरवलं होतं की ही गाडी आपल्या हातानं, कुणाची मदत न घेता पुरी करायची. जमली तर दिवाळीनंतर सुरी धरायची, नाही जमली तर त्या सुऱ्यांना कायमचा रामराम.

"पास झालो बघ, देवमन," ते म्हणाले. "आणि यंदा तुझ्या आईचा डोळा मी करणार. आता किती दिवस चाचपडत ठेवायचं तिला."

बोलायची वेळ तीच होती. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण समोर डॉक्टरांचा तो खुललेला चेहरा, आणि तोंडातून आलं काय, तर "बरं साहेब." त्या दोन शब्दांचा त्यानं पुढं किती वेळा धिक्कार केला असेल याची गणती नाही.

दिवाळी झाली. थंडी पडली. पहिला नंबर लागला तो आदल्या गुरुवारी, बार्शीटाकळीच्या जानरावाचा. साठीचा म्हातारा, गावात कोतवाली केलेला, बोलायला मोकळा. टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा दिसायला लागलं की पहिल्यांदा नातवाचं तोंड पाहणार म्हणून सांगत होता. देवमननं दिवा धरला. डॉक्टरांनी सुरी उचलली, बुबुळाच्या कडेला टेकवली, आणि देवमनला दिव्याच्या उजेडात ते पातं हलताना दिसलं. केसभर. पण डोळ्यात केसभर म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. डॉक्टर क्षणभर थांबले आणि पुढं गेले. जे बाहेर यायला नको ते पाणी डोळ्यातून बाहेर आलं. पट्टी बांधताना डॉक्टर एवढंच पुटपुटले की म्हातारा हलला. म्हातारा हलला नव्हता. देवमननं त्याचं डोकं आपल्या दुसऱ्या हातानं धरलं होतं.

त्या दिवसापासून देवमनची झोप उडाली. जानरावाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि तो उताणा पडून खोलीत आलेल्या प्रत्येकाशी गप्पा मारायचा. देवमन त्याला पाणी पाजायला गेला की मुद्दाम पाय वाजू न देता जायचा, म्हणजे बोलावं लागणार नाही. मनातल्या मनात मात्र एकच घोकायचा, याला दिसू दे. याला दिसलं तर मायलाही दिसेल.

मंगळवारी केशरबाई अकोटच्या एस.टी.नं आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात साहेबांसाठी तिळाचं गाठोडं. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी जानरावाच्या ऑपरेशन केलेल्या डोळ्याची पट्टी सोडली. दोन बोटं समोर धरली, किती दिसतात म्हणून विचारलं. जानरावानं मान इकडं तिकडं केली. मग खिडकीकडं तोंड करवलं. मग डॉक्टरांनी दिवा आणायला सांगितला आणि तो देवमनच घेऊन आला.

"अंधार हाय साहेब," जानराव म्हणाला. "दिवा लावला काय अजून?"

दिवा त्याच्या नाकापासून वीतभर लांब जळत होता. देवमनच्या हाताला त्याची धग लागत होती. डॉक्टर म्हणाले सूज आहे, आठ दिवसांनी उतरेल, आणि पुन्हा पट्टी बांधायला सांगून घाईनं निघून गेले. त्या डोळ्याला आठ दिवसांनी काय आणि आठ वर्षांनी काय, दिसणार नव्हतं. देवमननं असे डोळे पाहिले होते.

दुपारी तो आपल्या राहत्या खोलीवर गेला. केशरबाई भाकरी थापायला बसली होती, तव्याची कड बोटांनी अजमावत. देवमन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं भीतभीत एक डाव टाकून पाहिला. खोकणाऱ्या माणसाचा मोतीबिंदू काढत नाहीत, खोकल्याच्या धक्क्यानं डोळा फुटतो. उद्या साहेबांपुढं दोनचार वेळा खोकलीस तर तारीख पुढं जाईल, म्हणून त्यानं सांगितलं.

"मले खोकला नाई ना बापू," ती म्हणाली.

त्यानं तिला पुन्हा समजावलं. ती भाकरी उलटायची थांबली. तो साहेब हाये म्हणून तू माणसात आला, त्याच्यापुढं मी खोटं खोकू काय, असं तिनं विचारलं. आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "तू काहून भेऊन राहिला? मी नाई भेत. तू हायेस ना दिवा धराले."

देवमनला वाटलं, तिथल्या तिथं तिचे पाय धरून सगळं सांगून टाकावं. पण सांगायचं तिला नव्हतं. तिला सांगून तो फक्त तिला उचलून अकोटला नेणार होता, आणि जानरावानंतर, मायच्या जागी, तिसऱ्याच कुणाला तरी त्याच टेबलावर चढवणार होता. आणि खरं बोलायचं तर तिसऱ्याचा विचार त्याच्या डोक्यात फार वेळ टिकलाही नाही. त्याला आपली आई दिसत होती, खिडकीकडं तोंड करून दिवा लावला का म्हणून विचारणारी.

गुरुवारी सकाळी आठ वाजता केशरबाई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. धुतलेलं लुगडं, केस घट्ट बांधलेले. आत डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होते. गाडी तपासणीच्या टेबलावर, अनुपमाबाईंनी मुद्दाम करून आणलेल्या काचेच्या पेटीत होती. देवमननं दार लावून घेतलं. मग तो टेबलाशी, गाडीजवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, त्या गाडीची काच म्या घासली," तो म्हणाला.

डॉक्टरांना कळलं नाही. काल धूळ बसली होती का म्हणून त्यांनी विचारलं. मग देवमन बोलत सुटला. काच, स्टिअरिंग, घड्याळांचे काटे, चाकांच्या तारा, दारावरचा सात, सीटवरचा ओघळ. एकेक सांगताना तो पेटीच्या काचेवर बोट ठेवून जागा दाखवत होता आणि डॉक्टरांकडं बघत नव्हता. सांगून संपलं तेव्हा नळ तसाच वाहत होता. डॉक्टरांनी तो बंद केला.

ते खुर्चीत बसले. पेटीतून गाडी काढून त्यांनी उलटी केली. तिचं पोट रंगवलेलं नव्हतं, नुसतं लाल प्लॅस्टिक, तिथं कुणी बघत नाही. चंदेरी रंगाचा डबा उघडून त्यांनी ब्रश बुडवला आणि त्या लाल पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायला घेतली. चार बोटांची रेघ. देवमन मनातल्या मनात ती सरळ यावी म्हणूनही धावा करत होता, एवढं त्याचं डोकं फिरलं होतं. ती अर्ध्यावर थरथरली, बाजूला गेली, परत आली, पुन्हा गेली. दोघंही तिच्याकडं बघत राहिले.

"माझं यातलं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

देवमननं आठवून सांगितलं की मागचा दिवा त्यांनी लावला तसाच आहे. डाव्या बाजूचा.

डॉक्टरांनी ब्रश पुसून ठेवला. कागद ओढून अमरावतीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, केशरबाईला आजच्या आज घेऊन जा म्हणाले. अक्षर वेडंवाकडं होतं. देवमननं चिठ्ठी घेतली आणि त्याला असं रडू फुटलं की आवरेना. आईचा डोळा वाचला. वाचला. एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"देवमन," डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "जानरावांच्या आधी हे का नाही सांगितलंस?"

देवमनचं रडणं तिथंच थांबलं. तुमचं मन मोडवेना, हे उत्तर तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्यानं तोंड उघडलंही. पण आज मन मोडलंच होतं की. मग गेल्या गुरुवारी का मोडवलं नाही?

"तव्हा टेबलावर माय नव्हती साहेब," तो म्हणाला.

डॉक्टर उठले, अंगावरचा ऑपरेशनचा पांढरा झगा काढून खुंटीला लावला आणि दार उघडलं. बाकावर केशरबाई पावलांच्या आवाजानं उठून उभी राहिली, तिला त्यांनी खांद्याला धरून पुन्हा बसवलं. देवमन चिठ्ठी खिशात घालून तिच्याकडं वळला होता. डॉक्टरांनी मानेनं त्याला नाही म्हटलं.

"आधी तिकडं," ते म्हणाले. "माझं मी सांगतो. तुझं तू सांगायचं."

जानरावाची खोली दहा पावलांवर होती. भिंतीला हात लावत देवमन ती चालला. आत जानराव उताणा पडलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आठ दिवस थांबायचं होतं तरी, दोन माणसांची पावलं ऐकून आजच पट्टी सोडायला आले असं त्याला वाटलं. अंगावरचं पांघरूण त्यानं नीट केलं आणि उशीवरून मान जराशी उचलून चेहरा त्यांच्यापुढं धरला.